आज्ञा वरिष्ठांची, आज्ञावली अभियंत्याची, उत्तरदायित्व कोणाचे?

अमेरिकेतील डेट्रॉईट येथील संघीय न्यायालयाने २५ ऑगस्ट २०१७ रोजी फोक्सवॅगन कंपनीतील अभियंता जेम्स लिआंग यांना ४० महिन्यांचा कारावास आणि दोन लाख डॉलर दंड अशी शिक्षा सुनावली. लिआंग हे कंपनीचे संचालक नव्हते. त्या डिझेल मोटारी बाजारात आणण्याचा निर्णयही त्यांचा नव्हता. तीन दशकांहून अधिक काळ एकाच कंपनीत इमानेइतबारे नोकरी केलेले ते तंत्रज्ञ होते. त्यांनी वरिष्ठांनी नेमून दिलेले काम केले आणि पुढे तपासात सरकारला मदतही केली, असा त्यांच्या वकिलांचा युक्तिवाद होता. सरकारी पक्षाने तीन वर्षांची शिक्षा मागितली होती. न्यायाधीशांनी मागितल्यापेक्षा अधिक दिली.

संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल एकदा तरी समजून घ्यावा असा आहे. पुणे, बंगळुरू, हैदराबाद किंवा नोएडा येथील कार्यालयांत बसून आज्ञावली लिहिणाऱ्या तरुणांची सर्वसाधारण समजूत अशी असते की, काय बनवायचे हे ग्राहक ठरवतो, कसे बनवायचे हे व्यवस्थापक ठरवतो आणि आपण केवळ लिहितो. त्यामुळे बरे-वाईट जे काही होईल त्याचा धनी दुसरा कोणीतरी. नोकरीच्या करारापुरती ही समजूत काही अंशी खरी आहे. फौजदारी कायद्यापुढे मात्र ती टिकत नाही. त्याहून अडचणीची गोष्ट अशी की, चुकीचे काम नाकारू पाहणाऱ्या अभियंत्याला आधार देणारी व्यवस्था भारतात फारच तोकडी आहे.

परीक्षा ओळखणारे इंजिन

फोक्सवॅगनच्या प्रकरणात नेमके काय घडले, हे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. कारण त्यात यंत्राचा भाग थोडा आणि आज्ञावलीचा भाग मोठा होता.

डिझेल इंजिनातून बाहेर पडणाऱ्या नायट्रोजन ऑक्साईडवर अमेरिकेत कडक मर्यादा आहे. ती पाळायची तर प्रदूषण नियंत्रणाची उपकरणे सतत पूर्ण क्षमतेने चालवावी लागतात. त्याचा परिणाम इंधनाच्या खपावर आणि उपकरणांच्या आयुष्यावर होतो. ही मर्यादा पाळून ग्राहकाला पसंत पडेल असे इंजिन ठरलेल्या खर्चात आणि मुदतीत तयार होत नाही, हे २००६ च्या सुमारास कंपनीतील अभियंत्यांच्या लक्षात आले होते. तेव्हा इंजिन बदलण्याऐवजी इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकातील आज्ञावली बदलण्यात आली.

मोटारीची उत्सर्जन चाचणी प्रयोगशाळेत फिरत्या रुळांवर होते. चाके फिरतात, पण मोटार जागीच असते. सुकाणू वळत नाही, वेग ठरावीक पद्धतीने कमी-अधिक होतो, चाचणीचा कालावधीही ठरलेला असतो. या खुणांवरून आज्ञावली आपली परीक्षा चालू आहे हे ओळखत असे आणि तेवढ्यापुरते प्रदूषण नियंत्रण पूर्ण सुरू करत असे. मोटार रस्त्यावर आली की नियंत्रण सैल होई. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १८ सप्टेंबर २०१५ रोजी कंपनीला नोटीस बजावली तेव्हा रस्त्यावरील उत्सर्जन मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात असल्याचे नमूद केले. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख मोटारींमध्ये हे सॉफ्टवेअर होते.

या प्रकरणातील सर्वांत बोलका तपशील मात्र वेगळाच आहे. २०१२ च्या सुमारास काही मोटारींमधील उपकरणे अकाली निकामी होऊ लागली. मोटार रस्त्यावर असतानाही कधीकधी स्वतःला परीक्षेत समजत असावी आणि त्यामुळे उपकरणांवर ताण येत असावा, असा कयास अभियंत्यांनी बांधला. म्हणजे फसवणुकीच्या आज्ञावलीतच दोष होता. मग तो दोष दूर करण्यासाठी सुकाणूचा कोन ओळखण्याची सुधारणा करण्यात आली आणि विकल्या गेलेल्या मोटारींमध्ये ती दुरुस्तीच्या नावाखाली बसवण्यात आली. ग्राहकांना सांगितले गेले की, यामुळे मोटारीची कामगिरी सुधारेल. हे काम करणारी माणसे कोणी सराईत गुन्हेगार नव्हती. समोर आलेला दोष शोधून तो नीट दुरुस्त करणे, ही त्यांच्या व्यवसायाची सवय होती. ती सवय कशासाठी वापरली जात आहे, हा प्रश्न बाजूला पडला होता.

ही लबाडी उघडकीस आली ती वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील एका छोट्या गटामुळे. मोजमापाची उपकरणे मोटारीच्या मागच्या भागात ठेवून या गटाने प्रत्यक्ष रस्त्यावर मोटारी चालवल्या. एका मोटारीचे उत्सर्जन मर्यादेच्या १५ ते ३५ पट, तर दुसरीचे ५ ते २० पट आढळले. या गटात भारतातून शिकायला गेलेले दोन तरुण संशोधकही होते. लबाडी शोधून काढावी म्हणून ते निघाले नव्हते. डिझेलच्या मोटारी अमेरिकेत इतक्या स्वच्छ चालतात तर युरोपात का नाही, एवढाच मूळ प्रश्न होता.

कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि २८० कोटी डॉलरचा फौजदारी दंड भरला. लिआंग यांच्यानंतर डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीच्या आणखी एका अधिकाऱ्याला सात वर्षांची शिक्षा झाली.

भारतात या प्रकरणाची चौकशी पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने केली. रस्त्यावरील चाचण्यांत उत्सर्जन अनेक पटींनी अधिक आढळल्यानंतर कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे ३ लाख २३ हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा केली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ७ मार्च २०१९ रोजी ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात या प्रकरणी कंपनीवर सक्तीची कारवाई करण्यास मनाई केली. भारतीय नियम मोडलेलाच नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. त्या वेळी लागू असलेली बीएस-४ मानके प्रयोगशाळेतील चाचणीपुरती होती, रस्त्यावरील उत्सर्जनाला मर्यादाच नव्हती. ती मर्यादा बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात, १ एप्रिल २०२३ पासून आली. एकच आज्ञावली एका देशात तुरुंगात नेते आणि दुसऱ्या देशात वादाचा मुद्दा ठरते, याचे हे उदाहरण. कायदेशीर काय आणि योग्य काय, यांतील अंतर अभियंत्याच्या वाट्याला येते ते असे.

सनद नाही, परिषद नाही

वकिलाला १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार सनद लागते. सनदी लेखापालांसाठी १९४९ चा, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. डॉक्टरांसाठी राष्ट्रीय वैद्यक आयोग आहे. या व्यवसायांत गैरवर्तन करणाऱ्याचे नाव नोंदवहीतून काढले जाऊ शकते आणि त्यानंतर त्याला तो व्यवसाय करता येत नाही. ही तलवार डोक्यावर टांगलेली असते खरी, पण तिचा एक लाभही असतो. ‘हे केले तर माझी सनद जाईल’ असे सांगून लेखापालाला मालकाची मागणी नाकारता येते.

संगणक अभियंत्याच्या हाती असे कोणतेही कारण नाही. भारतात सॉफ्टवेअर लिहिण्यासाठी परवाना लागत नाही आणि या व्यवसायासाठी वैधानिक परिषद नाही. १९६५ मध्ये स्थापन झालेली कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया ही स्वेच्छेने सदस्य होण्याची संस्था आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी या संस्थेची आचारसंहिता आहे. १९९२ मधील ही संहिता २०१८ मध्ये सुधारण्यात आली. याच संस्थेने आयईईई कॉम्प्युटर सोसायटीसह सॉफ्टवेअर अभियंत्यांसाठी आठ तत्त्वांची वेगळी संहिताही तयार केली. तिच्यात जनहिताचे तत्त्व पहिले आहे, ग्राहक व नियोक्ता यांचे दुसरे. अभियांत्रिकी महाविद्यालयांत हा क्रम परीक्षेपुरता पाठ केला जातो. संहिता मोडल्यास फार तर संस्थेचे सदस्यत्व जाते, उपजीविका जात नाही. म्हणून धाक नाही, आणि धाक नाही म्हणून आधारही नाही.

परवाना पद्धत आणावी, असा याचा अर्थ काढणे घाईचे ठरेल. पदवी नसताना स्वतःच्या बळावर संगणक शिकून उत्तम काम करणारी असंख्य माणसे या क्षेत्रात आहेत आणि परवान्याचा पहिला फटका त्यांनाच बसेल. प्रश्न केवळ इतकाच आहे की, इतर व्यवसायांत जे काम सनद करते ते येथे कोण करणार?

कायद्याच्या कक्षेत कनिष्ठही

आज्ञाधारकपणा हा बचाव होत नाही, याचे देशातील ठळक उदाहरण सत्यम कॉम्प्युटर्सचे आहे. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेबातील घोटाळ्याची लेखी कबुली दिली. पुढील तपासात निष्पन्न झाले की, सात हजारांहून अधिक बनावट बिले कंपनीच्याच बिल व्यवस्थापन प्रणालीतून तयार झाली होती. विशेष अधिकार असलेल्या खात्यातून ती अशा रीतीने नोंदवली जात की, इतर कर्मचाऱ्यांना ती दिसू नयेत. वार्षिक हिशेबात मात्र ती मिळकत म्हणून दिसत. हैदराबाद येथील विशेष न्यायालयाने ९ एप्रिल २०१५ रोजी दहा जणांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांत अध्यक्ष आणि त्यांचे भाऊ होते, लेखापरीक्षक होते, तसेच वित्त विभागातील सहायक व्यवस्थापक दर्जाचा कर्मचारीही होता. या शिक्षेला पुढे अपिलात स्थगिती मिळाली. तरीही आरोपींच्या यादीत पदाची उतरंड किती खालपर्यंत गेली होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० हा संगणक क्षेत्रातील व्यक्तीला सर्वांत जवळून लागू होणारा कायदा. त्याचे कलम ६५ कायद्याने जपून ठेवणे आवश्यक असलेला मूळ कोड हेतुपुरस्सर लपवणे, नष्ट करणे किंवा बदलणे हा गुन्हा ठरवते. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात २००५ मध्ये आलेले प्रकरण या संदर्भात नेहमी सांगितले जाते. रिलायन्स इन्फोकॉमने ग्राहकांना दिलेल्या मोबाईल संचांतील ओळख क्रमांक बदलून ते ग्राहक आपल्या सेवेकडे वळवल्याचा आरोप टाटा इंडिकॉमच्या कर्मचाऱ्यांवर होता. संचातील तो क्रमांक म्हणजे मूळ कोड नव्हे, असा बचाव करण्यात आला. न्यायालयाने कलम ६५ खालील कारवाई रद्द करण्यास नकार दिला. लाभ झालाच असेल तर तो कंपनीला होणार होता. नोंदलेल्या गुन्ह्यात नावे कर्मचाऱ्यांची होती.

कलम ४३ व ६६ एकत्र वाचले की परवानगीविना संगणकात शिरणे, माहिती उतरवून घेणे, मूळ कोड चोरणे हे अप्रामाणिक हेतूने केल्यास गुन्हा ठरते. नोकरी सोडताना स्वतः लिहिलेला कोड आठवण म्हणून घरच्या संगणकावर नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे. कॉपीराईट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या ओघात निर्माण झालेल्या कृतीचा प्रथम मालक नियोक्ता असतो. लिहिणारा हात आपला असला तरी लिहिलेले आपले नसते. कलम ७२-अ नुसार, करारामुळे हाती आलेली कोणाची वैयक्तिक माहिती त्याला हानी पोहोचवण्याच्या किंवा स्वतःच्या गैरलाभाच्या हेतूने उघड करणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पुण्यातील एका सेवा केंद्रातील आजी-माजी कर्मचाऱ्यांना २००५ मध्ये अमेरिकी बँक ग्राहकांचे परवलीचे शब्द वापरून सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली होती. भारतीय कार्यालयांत परदेशी ग्राहकांची माहिती सुरक्षित आहे का, ही चर्चा त्यानंतर जोरात सुरू झाली आणि २००८ मधील दुरुस्तीने कायद्यात कलम ७२-अ आले.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा रोख वेगळा आहे. माहितीच्या सुरक्षेत कसूर केल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो कंपनीला. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. दंड कंपनीला असला तरी, सुरक्षेची त्रुटी कोणाला आधी ठाऊक होती याचा शोध कंपनी स्वतःच घेईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

मौन आणि स्वाक्षरी

ब्रिटनच्या टपाल खात्यातील होरायझन प्रकरणात संगणक व्यावसायिकांच्या मौनाची किंमत दुसऱ्यांनी मोजली. फुजित्सू कंपनीने पुरवलेली ही हिशेब प्रणाली १९९९ पासून टपाल शाखांमध्ये बसवण्यात आली. प्रणालीतील दोषांमुळे शाखांच्या हिशेबात नसलेली तूट दिसू लागली आणि ती भरून न देणाऱ्या शाखाचालकांवर चोरीचे व अफरातफरीचे खटले भरले गेले. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जणांना त्याची झळ बसली. २०१० मध्ये भारतीय वंशाच्या एका गर्भवती शाखाचालक महिलेला १५ महिन्यांच्या शिक्षेसाठी तुरुंगात पाठवण्यात आले. तिची शिक्षा रद्द झाली ती २०२१ मध्ये. या छळामुळे किमान १३ जणांनी जीवन संपवले असावे, असे चौकशी आयोगाने जुलै २०२५ च्या अहवालात नमूद केले.

शाखाचालकाच्या नकळत त्याच्या हिशेबात दूर बसून बदल करता येतो, हे कंपनीच्या तंत्रज्ञांना माहीत होते. टपाल खाते वर्षानुवर्षे तसे होऊच शकत नाही, असे सांगत राहिले. इंग्लंडमध्ये कायद्यातील बदलानंतर, उलट पुरावा नसेल तर संगणक बिनचूक चालत होता असेच न्यायालय गृहीत धरत असे. आणि उलट पुरावा असलाच तर तो ज्यांच्याकडे होता त्यांनी तो पुढे केला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणाली भरवशाची नसल्याचा निर्णय दिला आणि पूर्वीच्या खटल्यांत साक्ष दिलेल्या फुजित्सू कर्मचाऱ्यांबाबतची कागदपत्रे सरकारी अभियोग संचालकांकडे पाठवली. अखेर २०२४ मध्ये संसदेला कायदा करून सरसकट शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

भारतीय संगणक व्यावसायिकाचा या विषयाशी संबंध आता अधिक थेट झाला आहे. न्यायालयात संगणकीय पुरावा देताना प्रमाणपत्र जोडणे बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी दिला. तो खटला होता जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीचा. अर्जुन खोतकर यांचे उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाले की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातील ध्वनिचित्रफितीवरून ठरवायचे होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने हे प्रमाणपत्र दोन भागांत विभागले. पहिला भाग संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. संगणक व्यवस्थित चालत होता, हे त्यात लिहून द्यावे लागते आणि नोंदीची हॅश संख्याही नमूद करावी लागते. बँक, रुग्णालय, दूरसंचार कंपनी अशा ठिकाणी हा कागद बहुधा संगणक विभागातील कोणाच्या तरी टेबलावर येतो. तो नेहमीचा कार्यालयीन अर्ज समजून सही करण्याचा मोह मोठा आहे. खोट्या प्रमाणपत्रावर जाणूनबुजून सही करणे हा मात्र भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. सनद नसलेल्या या व्यवसायात कायद्याने मागितलेली ही कदाचित सर्वांत गंभीर स्वाक्षरी असेल.

बोलण्याचे बंधन आणखी एका ठिकाणी आहे. संगणक आणीबाणी प्रतिसाद पथकाच्या, म्हणजेच सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्याची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. घटना प्रथम ज्याच्या लक्षात येते तो बहुधा रात्रपाळीचा अभियंता असतो. ‘आधी आपण निस्तरू, मग पाहू’ हा सल्ला त्याला कोणाकडून तरी मिळतोच. उबर कंपनीचे माजी सुरक्षाप्रमुख जो सुलिव्हन यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेत दोषी ठरवण्यात आले, ते माहिती चोरीला गेली म्हणून नव्हे. २०१६ मध्ये ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरणाऱ्यांना एक लाख डॉलर देऊन ती घटना सरकारी तपासापासून दडवली म्हणून. त्यांना तुरुंगवास झाला नाही, तीन वर्षांच्या देखरेखीवर सोडण्यात आले.

नकार देणाऱ्यासमोरील वाट

समजा, एखाद्या तरुण अभियंत्याला असे काम सांगितले गेले आणि त्याने नकार द्यायचे ठरवले. पहिला विचार येतो नोकरी सोडण्याचा. तेथे तीन महिन्यांची पूर्वसूचना, कार्यमुक्तीपत्र आणि अनेकदा सेवाबंधपत्र आडवे येते. भारतीय करार कायदा १८७२ चे कलम २७ व्यवसायावर बंदी घालणारा करार निरर्थक ठरवते. त्यामुळे नोकरी सोडल्यानंतर ‘स्पर्धक कंपनीत जाऊ नये’ ही अट सहसा टिकत नाही. परंतु नोकरीच्या काळातील बंधने या कलमाच्या कचाट्यात येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच, कल्याणच्या एका कारखान्यातील तंत्रज्ञाच्या खटल्यात स्पष्ट केले होते. १४ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने विजया बँकेच्या तीन वर्षांच्या सेवाबंधाला आणि दोन लाख रुपयांच्या भरपाईच्या अटीला वैध ठरवले. त्या निकालात सार्वजनिक बँकेच्या भरतीखर्चाचा विचार होता. म्हणून खासगी कंपनीतील प्रत्येक बंधपत्र आपोआप वैध झाले, असे मानण्याचे कारण नाही. भरपाई वाजवी आहे का आणि कंपनीने प्रशिक्षणावर खरोखर खर्च केला का, हे प्रश्न विचारता येतात. एवढे मात्र खरे की, बाविसाव्या वर्षी घरच्यांनी शिक्षणकर्ज काढलेले असताना हे प्रश्न न्यायालयात विचारत बसण्याची ताकद फारच थोड्यांत असते.

दुसरा मार्ग तक्रारीचा. जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने केला आणि ९ मे २०१४ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. सुवर्ण चतुष्कोन महामार्गातील गैरव्यवहार कळवणारे तरुण अभियंता सत्येंद्र दुबे यांची २००३ मध्ये गया येथे हत्या झाली, त्यानंतर या मागणीने जोर धरला होता. परंतु संमती मिळूनही हा कायदा प्रत्यक्षात लागू करण्यात आलेला नाही, आणि त्याचा रोख सार्वजनिक सेवकांविषयीच्या तक्रारींवर आहे. खासगी कंपनीतील अभियंत्याला त्याचा उपयोग नाही.

राहतो कंपनी कायदा २०१३. कलम १७७ नुसार शेअर बाजारात नोंदणीकृत कंपन्यांना, तसेच जनतेकडून ठेवी घेणाऱ्या किंवा बँकांकडून मोठे कर्ज घेतलेल्या कंपन्यांना, संचालक व कर्मचारी यांच्यासाठी दक्षता यंत्रणा उभारावी लागते. तक्रारदाराचा छळ होऊ नये यासाठी पुरेसे संरक्षण आणि योग्य प्रसंगी लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे थेट जाण्याची मुभा, या गोष्टी त्या यंत्रणेत असाव्याच लागतात. लहान खासगी कंपन्या आणि नवउद्योग, जेथे आज अनेक तरुणांची पहिली नोकरी सुरू होते, बहुतांशी या कक्षेबाहेर राहतात.

तक्रार कोठेही करायची झाली तरी ती लेखी असणे आणि तिची तारीख असणे याला पर्याय नाही. तोंडी सांगितलेल्या कामाची ईमेलवर खातरजमा करून घेणे, आक्षेप त्याच पत्रव्यवहारात सौम्य शब्दांत नोंदवणे आणि बदल कोणाच्या मंजुरीने झाला हे आवृत्ती-नोंदीत राहू देणे, हे उपाय साधे आहेत. मात्र पुरावा म्हणून कंपनीची गोपनीय माहिती किंवा कोड स्वतःच्या खात्यावर पाठवणे धोक्याचे. कलम ४३ तेथेच आडवे येते आणि मूळ तक्रार बाजूला राहून तक्रारदारच आरोपी होतो. वकिलाचा सल्ला घ्यायचा तो याच टप्प्यावर, राजीनाम्यानंतर नव्हे.

नोकरीच्या पहिल्या दिवशी नवागताकडून नियुक्तीपत्र, गोपनीयतेचा करार, बौद्धिक संपदेचे हस्तांतरण आणि बंधपत्र अशा कागदांवर सह्या घेतल्या जातात. दक्षता यंत्रणेचा कागद त्या गठ्ठ्यात सहसा नसतो. मात्र ज्या कंपन्यांना ही यंत्रणा बंधनकारक आहे, त्यांना तिचा तपशील स्वतःच्या संकेतस्थळावर आणि संचालक मंडळाच्या वार्षिक अहवालात प्रसिद्ध करावा लागतो. लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांचे नावही त्याच अहवालात छापलेले असते.